ताट न मांडण्याचा रविवार

अर्ज पाठवायच्या वेळी सर टाय बांधत. खाली खाकी हाफपँट, पाय अनवाणी, नखांत केळीच्या बागेतली माती. आणि वर इस्त्रीचा पांढरा शर्ट नि मरून रंगाचा टाय. मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, कंप्युटरला तुम्ही दिसत नाही."

"मी मला दिसतो ना," सर म्हणाले आणि टायची गाठ आणखी वर सरकवली.

वसईत माणिकपूरच्या मागच्या अंगाला, इमारती संपून बागा सुरू होतात तिथं सर एकटेच राहत. मराठी शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी अमेरिकेत. बऱ्याच वर्षांपूर्वी तिनं तिकडच्या कॉलेजांना अर्ज केले, तेव्हा सर तिच्या शेजारी बसून एकेक नियम वाचत गेले आणि मुलगी गेल्यावरही वाचतच राहिले. कुणाला शब्दकोड्यांची चटक लागते, तशी त्यांना प्रवेशाच्या नियमांची लागली होती. रविवारी त्यांच्या ओटीवर मुलं जमत. फी नव्हती. फी घेतली की विद्यार्थ्याचं ऐकून घ्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही त्यांना जमण्यातलं नव्हतं.

सर मुलांना नावानं हाक मारत नसत. ज्याला ज्या कॉलेजात जायचं त्या गावाचा अक्षांश हेच त्याचं नाव. वसई एकोणीस अक्षांशावर, म्हणून ओटीवर नवा येणारा प्रत्येकजण आधी 'एकोणीस'. मन कुठंतरी बसलं की बढती मिळायची. माझं मन बसलं ते एका लहान गावातल्या लहानशा कॉलेजवर. गावातून नदी वाहत होती आणि कॉलेजात नद्यांचा अभ्यास करणारा विभाग होता. वसईत वाढलेल्या पोरीला खाडीचं पाणी कुठून येतं नि कुठं जातं याचं वेड लागलं तर त्यात नवल नाही, पण माझ्या वर्गात ते मला एकटीलाच होतं आणि त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होई. सरांनी टिंगल केली नाही. नकाशावर बोट ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "हिवाळ्यात ही नदी गोठते. चालेल?"

मी म्हटलं, चालेल.

"मग आजपासून तू बेचाळीस."

जी मुलं निघून जात त्यांच्या घरी हवामान पोचवायचं कामही सरांनी आपल्या अंगावर घेतलं होतं. सायकलवरून बाजारात जाता जाता एखाद्या आईला गाठून सांगत, "तुमच्या एक्केचाळीसकडे आज बर्फ पडतोय. काळजी नको, मोजे आहेत त्याच्याकडे." मोजे आहेत हे यांना कसं ठाऊक, असं कुणीच विचारत नसे. तेवढ्या बातमीवर त्या माउलीचा दिवस बरा जाई.

आता ज्या भानगडीसाठी आम्ही त्यांच्याकडे जात होतो ती सांगायला हवी. तिकडच्या कॉलेजांना लवकर अर्ज करायचे दोन मार्ग असतात. एक अर्ली डिसिजन. हा अर्ज एकाच कॉलेजला करायचा आणि त्यांनी घेतलं की जायचंच, बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. त्या करारावर मुलाची, पालकांची आणि शाळेची, तिघांची सही लागते. दुसरा अर्ली अॅक्शन. यात उत्तर लवकर मिळतं पण बंधन नसतं. चार ठिकाणी करा नि सावकाश ठरवा. सरांनी दोन्हींची नावं मराठीत आणून सोपी केली होती. पहिल्याला ते म्हणत 'शब्द' आणि दुसऱ्याला 'चौकशी'.

"सर, दोन्ही एकत्र करता येतं?" हे प्रत्येक नवा मुलगा विचारी, आणि सर दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखे खूश होत.

"करता येतं आणि करावं. काही मानी कॉलेजं आहेत. ती म्हणतात, आमच्याकडे चौकशी केलीत तर दुसरीकडे बघायचं नाही. ती सोडून द्या. बाकी चौकशी चार घरी, शब्द एका घरी. पण शब्द दिलेल्या घरानं हो म्हटलं की चौकशीच्या घरी चहासुद्धा घ्यायचा नाही."

आणि जिथं खर्चाचा भार कॉलेज उचलणार नाही तिथं ते आमच्यासारख्यांना शब्द देऊच देत नसत.

एकदा सातिवलीला गोदामं असलेले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. सर चहा आणायला आत गेले, तेवढ्यात गृहस्थांनी आम्हा मुलांना त्यांची योजना समजावून सांगितली. दोन कॉलेजांना शब्द देऊन टाकायचा, एकानं नाही म्हटलं तर दुसरं आहेच, कुणाला कळणार आहे? सर दोन्ही हातांत कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि कप तसेच परत आत नेले. गृहस्थ बराच वेळ वाट बघत बसले. शेवटी मीच त्यांना म्हटलं, "काका, चहा नाही येणार आता."

सर रविवारची मिस्सा कधी चुकवत नसत. त्यांच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की तीन रविवार वधूवरांची नावं वाचून दाखवतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात. ही पद्धत सरांनी उचलून थेट ओटीवर आणली होती. ज्याला शब्द द्यायचा असेल त्यानं तीन रविवार, मिस्सा सुटून लोक घरी परतत असताना, ओटीच्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं सांगायचं: मी अमुक कॉलेजला शब्द देणार आहे, कुणाची हरकत असेल तर बोला. ठेवणीतल्या कपड्यांतली माणसं कौतुकानं थांबत. सर सगळ्यांच्या हातावर सुकेळी ठेवत, म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी, त्यामुळे गर्दीला तोटा नसे. हरकतीही येत. तिकडं थंडी फार, मुलीच्या जातीला एवढं लांब कशाला, मुंबईत कॉलेजं नाहीत का. सर एकेक हरकत फेटाळून लावत.

माझ्या दुसऱ्या रविवारी पाचूबंदरची मासळीवाली मावशी पाटी उतरवून पायरीशी टेकली होती. माझं सांगून झाल्यावर तिनं सुकेळं तोंडात टाकलं आणि हात वर केला.

"माजी हरकत हाय."

"बोल," सर म्हणाले.

"ही पोर जानार. बाप नाय हिला. मंग हिच्या आयशीला जेवाला कोन बसवनार?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, हिची आई काय कुकुलं बाळ आहे? सर मात्र हसले नाहीत.

"हरकत मान्य," ते म्हणाले. त्या ओटीवर हरकत मान्य झाल्याचं त्याआधी कुणालाच आठवत नव्हतं.

मावशीला आमच्या घरचं ठाऊक होतं, कारण आई तिच्याकडूनच मासे घेई. बाबा मी आठवीत असताना गेले. आई सातिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. सोमवार ते शनिवार ती डबा उभ्या उभ्या संपवी आणि संध्याकाळी चहात दोन बटर बुडवून आडवी होई. रविवारी दुपारी आम्ही दोघी समोरासमोर ताटं घेऊन बसायचो. आठवड्याचं सगळं बोलणं तेव्हा व्हायचं, भांडणंसुद्धा तेव्हाच. आई खऱ्या अर्थानं जेवायची ती त्याच एका वेळी. मला जायचं होतं, आणि मी गेल्यावर समोरच्या जागी कुणी नसणार हेही मला दिसत होतं. त्या दिवसांत मी आईच्या ताटाकडे बघायचं टाळत होते.

तिसरा रविवार सगळ्यांत अवघड. त्या दिवशी घोषणा झाली की मुलानं घरी जायचं नाही, सरांकडेच थांबायचं. तिकडे त्याच्या घरच्यांनी त्याचं ताट न मांडता जेवायचं. संध्याकाळी सर मुलाला घेऊन त्याच्या घरी जात आणि एकच प्रश्न विचारत, "जेवण गेलं का?" गेलं असेल तर शब्द द्यायला मोकळीक. नसेल तर नुसती चौकशी, आणि घराला सवय व्हायला आणखी थोडे महिने. पोरांपेक्षा आयाच या परीक्षेला जास्त घाबरत. लोक म्हणत, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. काहीजण म्हणत, फिरलंय कसलं, रविवारी जेवायला सोबत मिळवायची ही युक्ती आहे.

या दुसऱ्यांचं अगदीच चुकत नव्हतं. माझ्या त्या दुपारी सरांनी ओल्या बोंबलांचं कालवण केलं होतं आणि ते इतक्या आनंदात वाढत होते की मला नको म्हणायचा धीर होईना. "खा, बाय, खा. रविवारी समोर कुणी जेवत असलं की आपलाही घास उतरतो." मग मी काही न विचारताच सर म्हणाले, "माझी पोरगी गेली तेव्हा मी कॉलेजचे सगळे नियम वाचले होते. घरातला एक वाचायचा राहिला. तिची आई रविवारी जेवेनाशी झाली. इतर दिवशी जेवायची, हसायची, सगळं ठीक. रविवारी नुसता भात चिवडत बसायची. मला वाटलं, होईल सवय."

ते वाटीतलं कालवण निवायची वाट बघत राहिले.

"नाही झाली," म्हणाले.

संध्याकाळी सरांनी टाय बांधला आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आमच्या घरी आले. आईनं साडी बदलली होती. सर खुर्चीवर बसले.

"ताई, जेवण गेलं का?"

"हो, गेलं की," आई पटकन म्हणाली. "पापलेट होतं आज."

"छान. मला जरा पाणी हवंय."

आई उठायला लागली तर "तुम्ही बसा, मी आत जाऊन घेतो," म्हणत सर सरळ स्वयंपाकघरात. आमचं स्वयंपाकघर ते केवढं! पातेल्यावरचं झाकण उचलल्याचा आवाज बाहेर स्पष्ट आला. आईनं मान खाली घातली. सर पाणी न पिताच परत आले आणि मला म्हणाले, "बाय, माझ्या सायकलला कुलूप लावलंय का, बघून ये."

मी खाली गेले. कुलूप लावलेलं होतं. सर ते कधीच विसरत नसत. वर आले तेव्हा करारावर आईची सही झालेली होती. तिचे डोळे लाल होते, आणि सर खिडकीतून समोरच्या इमारतीकडे असे बघत होते जणू ती आजच बांधलीय.

ते गेल्यावर मी जेवायला घेतलं. भाताच्या पातेल्यात डावसुद्धा बुडालेला नव्हता.

पुढच्या रविवारी मी सरांना गाठलं. "सर, आई नापास झाली होती."

"परीक्षक कोण? तू की मी?"

"पण तुमचाच नियम आहे ना?"

"माझाच आहे. म्हणून मीच बघेन त्याचं काय करायचं ते."

नाताळच्या तोंडावर, घराघरांवर कागदी तारे चढत असताना उत्तर आलं. मला घेतलं होतं. मी सरांच्या ओटीवर रडले, आईला फोन करून पुन्हा रडले. सर टाय बांधून बसले होते. माझं रडणं आटोपायची त्यांनी वाट बघितली आणि म्हणाले, "आता चौकशीची दोन घरं."

त्या दोन कॉलेजांची उत्तरं अजून यायची होती. मी म्हटलं, "सर, थोडे दिवस थांबू? नुसतं बघू, घेतात का ते."

"ज्या घरी जायचं नाही त्यांचा होकार घेऊन काय करणार? मनात ठेवशील. तिकडं एकटी बसलीस की काढून बघत बसशील."

दोन्ही अर्ज मी तिथंच मागे घेतले. सरांचं खरं होतं. तिथं गेल्यावर एकटी असताना काढून बघायला माझ्यापाशी दुसरं कॉलेज नव्हतं. वसई होती. नदी गोठली की मला सरांची ओटी आठवे, बागेतल्या पाटाच्या पाण्यात बुडालेले त्यांचे पाय आठवत, त्या सुकेळ्यांच्या वासासाठी जीव कासावीस होई. चार वर्षांत मी एकदाही घरी आले नाही. सुट्ट्यांत तिथंच नदीवरचं काम मिळे, आणि विमानाची तिकिटं काही झाडाला लागत नाहीत.

मी सरांना फोन करी. "सर, आई कशी आहे?"

"आई एकोणीसवर आहे, उत्तम आहे. तू कानटोपी घाल."

त्यांची मुलगी त्यांना सारखी बोलवत होती, हे मला ठाऊक होतं. सर म्हणत, केळी कोण बघणार? एकदा मीही आग्रह केला. "सर, या ना. माझी नदी बघून जा."

"इतक्यात नाही जमायचं. एका ठिकाणी माझा शब्द गेलाय."

मला वाटलं, चर्चचं नाहीतर बागेचं काही काम असेल. सरांना कामांची काय वानवा.

यंदा शिक्षण संपवून मी परत आले. खाड्यांच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत काम मिळालंय, घरूनच जाता येतं. आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, कुणालाही न सांगता, सरांच्या घरी पळाले. दाराला कुलूप होतं. ओटी झाडलेली होती, पण ओटीवर खुर्ची नव्हती. रस्त्यानं मासळीवाली मावशी येत होती. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आलीस? मास्तर गेले की पोरीकं. दोन दीस झाले. केलीची बाग आमच्या शेजारचा पोर बगतो."

मी घरी येऊन आईवर चिडले. ती कामावर निघाली होती. "रविवारी बोलू," एवढंच म्हणाली. आमच्या घरात महत्त्वाचं सगळं रविवारीच बोलतात, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

रविवारी आईनं पापलेट आणलं. तिनं ताटं घेतली. एक तिचं, एक माझं, आणि हात चालूच राहिल्यासारखं तिनं तिसरंही घेतलं. मग थबकली. ते परत फळीवर ठेवायला तिचा हात उचलेना.

"हे कुणाचं?"

"सरांचं," आई म्हणाली आणि खाली बसली. "चार वर्षं दर रविवारी येत होते. मिस्सा झाली की केळफूल नाहीतर शेवग्याच्या शेंगा घेऊन यायचे. तुझ्या जागेवर बसायचे. मी दोन घास कमी खाल्ले तर उठायचे नाहीत."

मीही तिच्यासमोर बसले.

"तू सायकल बघायला खाली गेलीस ना, तेव्हाच ठरलं. मला म्हणाले, ताई, पोरगी कॉलेजला शब्द देतेय, मी तुम्हाला देतो. ती परत येईपर्यंत दर रविवारी जेवायला येईन. मी म्हटलं, सर, तुमची मुलगी बोलवत असते तुम्हाला. तर म्हणाले, शब्द एका घरी दिला की बाकीच्या चौकशा बंद. एका वर्षी तर तिनं तिकीटसुद्धा काढलं होतं गं. नाही गेले."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच नको म्हटलं. ती तिकडं बसून आपली ताटं मोजेल म्हणाले."

"मग दोन दिवस थांबले का नाहीत, आई? दोन दिवस!"

आईनं पदरानं ते तिसरं ताट पुसलं. पुसायचं काही कारण नव्हतं. "मी खूप म्हटलं, भेटून जा. म्हणाले, पोरगी समोर आली तर मी नापास होईन, ताई. मग जाणं व्हायचंच नाही. तिकडं माझी पोरगी किती वर्षं एकटी जेवतेय."

आईनं वाढलं. समोर गरम भात होता, कालवण होतं, चार वर्षं ज्याची स्वप्नं बघितली ते सगळं होतं. मला त्यातलं काही नको होतं. मला सर हवे होते, हाफपँट आणि टाय घालून, याच जागेवर, आणि ही जागा त्यांनी माझ्यासाठीच रिकामी केली होती.

फोन वाजला. सरच होते. तिकडं मध्यरात्र उलटून गेली असणार.

"काय गं बेचाळीस? चुकलं. एकोणीस."

"सर, तुम्ही किती?"

"मी सदतीस. केळी होत नाहीत इथं."

"झोपला नाहीत?"

"रविवार आहे ना," सर म्हणाले. "जेवायची वेळ झाली."

मग नेहमीच्या आवाजात, परीक्षकाच्या आवाजात, त्यांनी विचारलं, "जेवण गेलं का?"

मी ताटाकडे बघितलं. भाताची मूद जशीच्या तशी होती. आई माझ्याकडे बघत होती.

"हो सर," मी म्हटलं. "गेलं की."



"फोन आईकडे दे," सर म्हणाले. "तिला म्हणावं, मला जरा पाणी हवंय."